पाहुण्यांच्याही मागे

मंदाआत्या फोनवर कधीही "कसा आहेस" असं विचारत नाही. सकाळी साडेसातला फोन वाजतो आणि पलीकडून पहिलं वाक्य येतं, "तुझी तेवीस मिनिटं राहिलीत. काय झालं?"

प्रकार असा आहे. सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या एका ॲपचं सबस्क्रिप्शन आत्याच्या नावावर आहे आणि ते आम्ही घरचे सगळे मिळून वापरतो. टीव्हीवर प्रत्येकाच्या नावाचा वेगळा चौकोन आहे. तो उघडला की त्या माणसानं काय बघितलं ते दिसतं आणि कुठवर बघितलं ते चित्राखालच्या लाल रेघेवरून कळतं. आत्या रोज देवपूजा आटोपली की टीव्ही लावते आणि एकेकाचा चौकोन उघडून रेघा तपासते. रेघ पुढे सरकली असेल तर माणूस धडधाकट. मध्येच थांबली असेल तर चौकशी. दोन दिवस हललीच नाही, तर थेट प्रश्न, "ताप हाय का?"

बरं, तिचा अंदाज चुकतही नाही. एकदा माझं आणि वैशालीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, चांगलंच वाजलं. सकाळी आत्याचा फोन. "धा मिनिटांत शिनेमा बंद केलासा. काय बोललास तिला?" मी म्हणालो, काही नाही. "मग तिला दे फोन," आत्या म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास त्या दोघींनी माझ्यावर घालवला.

ही तपासायची सवय तिला कारखान्यानं लावली. सोलापुरात चादरीच्या एका कारखान्यात ती फोल्डिंग खात्यात होती. विणून आलेली चादर टेबलावर पसरायची, नजरेखालून घालायची, कुठं धागा सुटलाय, कुठं डाग पडलाय ते बघायचं. निर्दोष असेल ती फ्रेश, बाजूला काढली ती सेकंड. चाळीस वर्षं हेच केलं. आता निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण तिच्या लेखी जगातल्या सगळ्या वस्तूंचे आणि माणसांचे अजून हे दोनच प्रकार आहेत. मालिकेचा हिरो पहिल्यांदा पडद्यावर आला की ती चष्मा वर करते आणि निकाल देते, "सेकंड हाय." भाजीवाल्याचा दोडका सेकंड, शेजारच्या पद्माक्कांचा जावई सेकंड. हे दुसरं ती पद्माक्कांना त्यांच्याच तेलुगूत सांगते, म्हणजे त्यांना वाईट वाटत नाही असं तिचं म्हणणं.

वैशालीला बघायला गेलो तेव्हा आत्या सोबत होती. चहा झाल्यावर ती माझ्या वडिलांच्या कानाला लागली, पण कारखान्यात यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळं सगळ्या खोलीनं ऐकलं. "पोरगी फ्रेश हाय. आपला माल सेकंड हाय त्ये त्यास्नी आदीच सांगून टाक." माझे सासरे हे वाक्य अजून दर दिवाळीला सांगतात.

आत्याचं लग्न झालं नाही. झालं नाही की तिनं केलं नाही, हे घरात कुणी विचारलं नाही, मीही नाही. माझे वडील आणि काका तिच्या पगारावर शिकले. आम्ही पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढलो. आता सोलापुरातल्याच भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. मी तिथून चार गल्ल्या पलीकडे राहतो आणि शाळेत गणित शिकवतो. आणि काकांचा मुलगा प्रसाद पुण्यात असतो. आता प्रसादबद्दल सांगायलाच हवं.

आत्याच्या टीव्हीवर चार चौकोन आहेत. पहिला प्रसादचा. दुसरा तिचा. तिसऱ्यावर लिहिलंय 'पाहुणे'. घरात पाहुण्यांसाठी वेगळे पेले असतात तसा हा वेगळा चौकोन, अजून एकाही पाहुण्यानं न वापरलेला. आणि चौथा मी, सुनील. प्रसादच्या नावावर चष्मा घातलेल्या एका हसऱ्या मुलाचं चित्र आहे. माझ्या नावावर पेंग्विन आहे. उन्हाळ्यात जिथं डांबर चपलेला चिकटतं त्या गावात मी पेंग्विन.

मी एकदा न राहवून विचारलं, "आत्या, मी पाहुण्यांच्याही मागे का?"

"तू काय पाव्हना हायस का?" ती म्हणाली.

उत्तर ऐकायला बरं होतं. पण मग प्रसाद कोण लागून गेला, पहिला यायला? हे मात्र मी विचारलं नाही, नुसता आत जळत राहिलो. शेचाळीस वर्षांच्या माणसानं जळू नये हे मला कळतं. पण गॅसची टाकी संपली की धावतो मी. डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात बसलो मी. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी शाळेत जायच्या आधी तिच्या घरची मोटर लावून जातो मी. आणि फोनवर ऐकायचं काय, तर "प्रसाद म्हणत हुता."

प्रसाद आणि आत्याचा एक करार होता. कोरियातल्या एका खानावळवालीची मालिका दोघं बरोबर बघायचे. रविवार सोडून रोज संध्याकाळी आठला हा पुण्यात, ती सोलापुरात, एकच भाग. भाग संपला की फोन, आणि त्या खानावळवालीचं पुढं काय होणार यावर अर्धा तास चर्चा. कुणी कुणाच्या पुढं जायचं नाही, हा नियम. आठ ते साडेनऊ आत्याचा फोन लागत नसे. मी मुद्दाम त्याच वेळेला लावून बघायचो. प्रसाद वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं, पण तो मला दर वाढदिवसाला आठवणीनं फोन करतो.

एका रविवारी दुपारी माझ्या डोक्यात सैतान शिरला. माझ्या टीव्हीवरही चारही चौकोन दिसतात. मी स्वतःच्या पेंग्विनवर न जाता प्रसादच्या चष्म्यावर गेलो आणि ती मालिका पुढच्या भागापासून लावली. म्हणजे आत्या सकाळी बघेल तेव्हा तिला वाटेल की प्रसाद करार मोडून एकटाच पुढं गेला. मी आवाज बंद करून पेपर वाचत बसणार होतो. तेवढ्यात वैशाली आली.

"हे काय लावलंय?"

मी सांगितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं आठवली. मग ती शेजारी बसली. "करायचंच आहे तर आवाज तरी लावा. आणि हिंदीत लावा, मला कळू दे."

मी हिंदी लावली. दोन भागांवर थांबायचा माझा विचार होता. पण वैशालीला ती खानावळवाली इतकी आवडली की चार भाग झाले आणि चौथ्याच्या शेवटी तिनं पदर डोळ्यांना लावला.

सोमवारी सकाळी फोन वाजला, पण मिनिटं नाहीत, चौकशी नाही. "प्रसाद चार भाग पुढं गेला," आत्या म्हणाली.

"असेल, सुट्टी होती ना. वेळ मिळाला असेल त्याला."

"व्हय. मिळाला असंल."

तिनं फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, तो सगळा दिवस मी आनंदात होतो. दहावीच्या वर्गाला गृहपाठसुद्धा दिला नाही. संध्याकाळी आठला आत्याला फोन लावला आणि तो लागला. ती म्हणाली, डोकं दुखतंय, झोपते.

मंगळवारी मी तिचा चौकोन उघडून बघितला. लाल रेघ जिथल्या तिथं. बुधवारी तीच. आत्या रोज आमचं हे करते, पण तिचं कुणी कधी केलं नव्हतं. गुरुवारी शाळेत निघण्याआधी पुन्हा बघितलं, रेघ हललेली नव्हती. प्रसादला तिनं विचारलंही नसणार. भांडली असती, दोन शब्द सुनावले असते तर मला चाललं असतं. ती नुसती गप्प बसली होती आणि तिला गप्प मी केलं होतं.

दुपारी तिचाच फोन आला. आवाज कारखान्यातला.

"सुनील, प्रसादच्या चौकोनात हिंदी कुनी लावली?"

मी म्हणालो, "हिंदी?"

"त्यो कोरियनच ऐकतो अन् खाली इंग्रजी वाचतो. आता लावलं तर सगळी हिंदीत बोलाय लागली."

"कंपनीची काहीतरी गडबड असेल."

"व्हय का," आत्या म्हणाली. एवढंच. त्या संध्याकाळपासून दोघांचा करार पुन्हा सुरू झाला. मी सुटलो असं समजलो, आणि पुन्हा जळायला लागलो.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं नवा नियम काढला. एका सबस्क्रिप्शनवर एकच घर. माझ्या टीव्हीवर पाटी आली, 'हा टीव्ही तुमच्या घरातला नाही.' तीच पुण्याला प्रसादच्या टीव्हीवर. आत्यानं मदतीच्या नंबरवर फोन लावला. मी तेव्हा तिथंच तिचा पंखा पुसत होतो.

"माज्या भावांची पोरं हायती ती," ती सांगत होती. "घरातलं कोन अन् भायरचं कोन त्ये तुमी कोन ठरवनार?" पलीकडची मुलगी बिचारी शांतपणे काहीतरी समजावत राहिली. शेवटी तिनं सांगितलं की आजी, बाहेरचं एक घर जोडता येईल. एकच.

आत्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी पंख्याचं तिसरं पातं दुसऱ्यांदा पुसायला घेतलं.

पुढचे आठ दिवस मी काय काय केलं ते सांगायला आता लाज वाटते. आत्याला आवडतं तसं घट्ट दही रोज पोचतं केलं. दाराची कडी कुरकुरत होती तिला तेल घातलं. शेंगाचटणी नेली, ती तिनंच वैशालीला शिकवलेली होती. कारण नसताना मोटर तपासली. वैशाली म्हणाली, "लग्न ठरत होतं तेव्हा एवढं केलं असतंत तर माझ्या वडिलांनी तुम्हाला फ्रेश म्हटलं असतं." मी लक्ष दिलं नाही. मला त्या एका घराची पडली होती. प्रसाद हवा की मी, हे एकदा आत्याच्या तोंडून कळायला हवं होतं. आणि कळणार याची मला खात्री होती. पुण्याहून कुणी दही आणून देत नाही.

शुक्रवारी सकाळी आत्यानं फोनवर सांगितलं की ते एक घर जोडून टाकलं, कुणाचं ते सांगितलं नाही, आणि संध्याकाळी आठला मी टीव्ही लावला. पेंग्विन नव्हता. माझं नाव नव्हतं. पाहुणेसुद्धा नव्हते. नुसती तीच पाटी.

मी तडक उठलो. पायांत जे सापडलं ते घालून चार गल्ल्या ओलांडल्या. आत्या टीव्हीसमोर बसली होती, टीव्ही बंद होता. मी दारातूनच सुरू झालो. एवढी वर्षं मी धावतो, मोटर मी, टाकी मी, दवाखाना मी, आणि घर कुणाचं जोडलं, तर पुण्याचं. हिंदीची शिक्षा दिलीस ना मला? हो, मीच लावली होती. तुम्हा दोघांचं बघवत नव्हतं मला.

ऐकून घेऊन आत्या म्हणाली, "झालं? बस."

"नाही बसत."

"त्येच म्हनते मी. बसत न्हाईस." तिनं चष्मा वर केला. "येतोस. मोटर लावतोस. उभ्या उभ्या चा पितोस अन् जातोस. ह्या खुर्चीवर कवा बसलास त्ये आटवतंय का तुला? प्रसादला हितं यायचं तर रजा काढावी लागतिया. तुला नुसती चप्पल घालावी लागती." मग तिचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. "मग ती बायकोची का हुईना."

मी खाली बघितलं. वैशालीच्याच होत्या.

"घरी समदं दिसाय लागलं तर तू हितं कशाला येशील?" ती म्हणाली. "चार गल्ल्यांवर ऱ्हातोस अन् मी तुला रोज त्या रेघंत बगते."

मी खुर्चीवर बसलो. चपला खुर्चीखाली सारल्या आणि विचारलं, "हिंदीचं कळलं तेव्हा राग नाही आला?"

"आला की. तासभर." आत्या हातातला रिमोट उलटसुलट करत राहिली. "मग मनात आलं, ह्यो माज्यावरनं जळतोय. कारखान्यात पोरी सांगायच्या, आमच्यावरनं दोगं भांडली, त्यो ह्याच्यावर जळतो. मी नुसती ऐकायची. माज्यापायी कुनी कुनावर जळलंय असं आजपातूर झालं न्हवतं रं. मला दोन दिस लई बरं वाटलं."

हे तिनं दोडक्याबद्दल बोलावं तितक्या सहज सांगितलं. मला मात्र तिच्याकडं बघता आलं नाही. मी इतकी वर्षं तिच्या घरात तासन्‌तास राबलो होतो आणि हे मला माहीत नव्हतं.

तिनं टीव्ही लावला. तेवढ्यात फोन वाजला. सव्वाआठ झाले तरी आत्याची रेघ हलली नव्हती, तेव्हा प्रसादच असणार.

"न्हाय रे, आज न्हाय," आत्या म्हणाली. "सुनील आलाय. व्हय, बसलाय. आमी दोगं बगनार हावोत. तुज्याशी उद्या बोलते."

मला इतका आनंद व्हायला नको होता. झाला. मी खुर्ची जरा पुढं ओढली आणि आत्याला म्हणालो, हिंदीत लाव.