मागे कोण बघतंय

सासूबाई सुनेच्या पार्लरात पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. एरवी त्या केस करायला जायच्या ते रस्त्यापलीकडच्या पार्लरवालीकडे. "सासूच जात नाही, तिथे आपण कशाला मरायला जायचं?" असं म्हणत अख्खी गल्ली तिकडेच वळायची. आज पलीकडचीनं ताटकळत ठेवलं, म्हणून स्वारी तणतणत इकडे आली होती. आज जमलं तर पार्लर तरलं, नाहीतर कुलूप.

"मोठ्या लाटा हव्यात. मेंढी केलीस तर बघ."

केस जाड रॉडवर गुंडाळले की सैल लाटा, बारीक रॉडवर घट्ट कुरळे, एवढं सोपं गणित. सासूबाईंना आरशात लगेच दिसावं म्हणून सुनेनं जाड रॉड पुढूनच लावायला घेतले. पण त्या एवढ्याशा अंबाड्यात इतके केस दडलेत हे कुणाला ठाऊक? अर्ध्या डोक्यातच जाड रॉड संपले. केस कुरळे करायचं औषध तर लावून झालेलं, आता थांबता येईना. डब्यात उरले होते पेन्सिलीएवढे बारीक. 'मागे कोण बघतंय,' म्हणत तिनं तेच गुंडाळले.

रॉड सोडले. पुढे झोकदार लाटा, आणि मागचे केस आक्रसून थेट मानेच्या वर जाऊन बसलेले.

"मागचं दाखव."

"हातातला आरसा फुटलाय, आई."

"राहू दे. समोर जाऊन येते. जळू दे जरा तिला."

"आई, ऊन आहे."

"ढग आलेत," म्हणत सासूबाई रस्ता ओलांडूनही गेल्या.

पलीकडे तिन्ही भिंतींना आरसे आहेत हे सुनेला तेव्हा आठवलं. पलीकडचीनं सासूबाईंना खुर्चीसकट गोल फिरवलं, तशी काचेला नाक लावून बघणाऱ्या सुनेनं डोळेच मिटून घेतले. आता कसली सासू आणि कसलं गिऱ्हाईक.

सासूबाई परतल्या त्या लालबुंद होऊन.

"हसली मला. म्हणे, सुनेनं पुढे लाटा काढल्या आणि मागे मेंढी बांधली."

"चुकलंच माझं, आई."

"ते दिसलं मला. तिला म्हटलं, मुद्दाम करून घेतलंय, जमत नसेल तर माझ्या सुनेकडून शिकून घे. तिथल्या दोघींना असंच हवंय, येतायत मागोमाग. ते बारीक रॉड धुऊन ठेव."

सुनेचे डोळे भरून आले. "तुम्ही माझी बाजू घेतलीत?"

"बाजूबिजू काही नाही," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. "माझ्या सुनेला नावं ठेवायला मी आहे. ती कोण लागून गेली?"