गोळ्या : सकाळी, दोन

माझ्या घरात गेल्या एक्कावन्न वर्षांत एकही वस्तू चुकीच्या डब्यात गेलेली नाही! हे मी अभिमानाने सांगते, कारण अभिमान बाळगावा अशा गोष्टी जगात थोड्या उरल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक माझ्या स्वयंपाकघरात आहेत. बाजारातून आलेला जिन्नस आपल्या भडक पुड्यासकट माझ्या फळीवर बसू शकत नाही. तो काचेच्या बरणीत जातो, बरणीवर चिठ्ठी चिकटते, चिठ्ठीवर माझ्या हस्ताक्षरात मोजके शब्द येतात आणि मग ती बरणी उंचीप्रमाणे रांगेत उभी राहते. शाळेच्या कवायतीत मुलेसुद्धा इतकी सरळ उभी राहत नाहीत!

आणि तरीही गेल्या महिन्यात, एका बुधवारी सकाळी सव्वाआठला, याच रांगेसमोर माझे हातपाय गार पडले होते. आता तुमच्यापासून काय लपवायचे?

आमच्या मुलाने चार महिन्यांपासून एकच पालुपद लावले होते. "आई, आता तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला या."

"का? या घराला काय झालं?"

"घराला काही नाही झालं. पण तुझ्याकडून घोळ होतात. बाबांच्या औषधांचे. त्या बसच्या प्रवासात काय झालं ते आठवतंय ना?"

"तो दोष थांब्यावरच्या उपाहारगृहाचा होता!" मी ठणकावले. "आणि त्या प्रसंगाचा उच्चार या घरात पुन्हा होता कामा नये!"

मुलगा माझाच, त्यामुळे हट्टी. शेवटी त्याने तोडगा काढला. त्याच्या घराला रंग लावायचा होता आणि रंगाच्या वासाने त्याच्या काचेच्या टाकीतील मासे आजारी पडतात. तेव्हा दहा दिवस ती टाकी आमच्याकडे.

"दहा दिवस सुरळीत गेले तर मी हा विषय परत काढणार नाही," तो म्हणाला. "पण जरा जरी गडबड झाली, तर सामान बांधायला मी स्वतः येईन."

मी हसले. चार मुले, एक सासू आणि भूमापन खात्यातून निवृत्त झालेला एक नवरा सांभाळलेल्या बाईला मासे दाखवतो!

रविवारी टाकी आली. खिडकीपाशी, गुलाबाच्या कुंडीशेजारी तिची स्थापना झाली. त्या गुलाबाला दोन वर्षांत एक फूल आलेले नाही, त्यावरून मी रोपवाटिकेच्या माळ्याला अनेकदा फैलावर घेतले आहे. टाकीत पाच चिमुकले नारिंगी मासे वर वर हिंडत होते आणि तळाशी मिशाळ, काळसर असा एकच होता. त्याचे नाव हवालदार.

सूनबाईंनी दोन पुडे पुढे ठेवले. "आई, कोरडं खाणं दोन प्रकारचं आहे. हे पापुद्रे. हे तरंगतात, ते वरच्या माशांना चिमूटभर. आणि या गोळ्या. या बुडतात. त्या फक्त हवालदाराला, रोज दोन."

"एका घरात दोन स्वयंपाक?"

"अहो, त्याचं तोंड खालच्या बाजूला आहे. वरचं त्याला खाताच येत नाही."

"सवय लावली की येतं."

"नाही हो आई! पापुद्रे त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. आणि हो, हवालदार दिवसा—"

"पुरे!" मी हात वर केला. "मला अधिक सूचना दिल्या की माझा अपमान होतो."

सूनबाईंनी पिशवी उचलली. ते वाक्य मी पूर्ण होऊ द्यायला हवे होते.

ती मंडळी गेल्यावर मी पुडे रिकामे केले आणि फाडून टाकले. पापुद्रे उंच बरणीत. गोळ्या लहान बरणीत. चिठ्ठी लिहिली : "गोळ्या : सकाळी, दोन". मग त्या बरणीला उंचीप्रमाणे जागा शोधली, तर ती नेमकी यजमानांच्या रक्तदाबाच्या बरणीशेजारी आली. त्यांना पट्टीतून गोळी सोडवता येत नाही असे मी ठरवले आहे, म्हणून आठवड्याच्या गोळ्या मी दर रविवारी सोलून बरणीत भरते. त्या बरणीवरही चिठ्ठी होतीच : "गोळ्या : सकाळी, दोन".

दोन्ही गोळ्या तपकिरी, गोल, मसुराएवढ्या. त्यातून मला आठवडाभर सर्दी, नाक दगडी भिंतीसारखे बंद! पण रविवारी मला यात काही खटकले नाही. उलट रांग फार सुरेख दिसत होती.

सोमवारी आठ वाजता मी हाक दिली, "गोळ्या घ्या!" यजमानांच्या तळहातावर दोन ठेवल्या, टाकीत दोन टाकल्या. यजमान नेहमीप्रमाणे पाण्याचा पेला घेऊन खिडकीपाशी गेले. बाहेर पाहत घेतल्या की गोळ्या सुखाने उतरतात, असे त्यांचे म्हणणे आहे. मंगळवारीही तसेच. बुधवारी मात्र ते तळहात नाकाशी नेऊन थबकले.

"अगं, या वेळच्या गोळ्यांना मासळीचा वास येतोय."

"तुमच्या नाकाला वय झालंय. घ्या मुकाट्याने!"

ते खिडकीकडे गेले. मी बरण्यांकडे वळले आणि प्रथमच दोन्ही चिठ्ठ्या एकापाठोपाठ वाचल्या.

दोन बरण्या. दोन चिठ्ठ्या. दोन्ही माझ्याच हस्ताक्षरात!

बुडणारी गोळी माशाची, हे आठवून मी दोन पेल्यांत एकेक गोळी टाकली. दोन्ही दगडासारख्या बुडाल्या! मग यजमानांचे भिंग आणले. औषधाच्या गोळीवर मधोमध रेघ असते. ती रेघ मला दिसली. मी रोज टाकीत टाकत होते त्या बरणीतल्या गोळीवर!

म्हणजे हवालदार तीन दिवस रक्तदाबाचे औषध घेत होता आणि माझा नवरा तीन दिवस माशांचे खाणे खात होता.

मी टाकीकडे धावले. वरचे पाच जण हिंडत होते, पण हवालदाराचा पत्ता नाही! दगडाखालून फक्त शेपटीचे टोक दिसत होते, तेही स्तब्ध. पाण्याला किंचित गुलाबी छटा आलेली. मी काचेवर टकटक केली. "अहो हवालदार!" शेपूट हलले नाही.

डॉक्टरांना विचारावे तर ते आमच्या मुलाचे वर्गमित्र. त्यांच्या कानात शिरलेली गोष्ट दहा मिनिटांत मुलाच्या कानातून बाहेर पडते. मला डोळ्यांसमोर दोरीने बांधलेली खोकी दिसू लागली आणि माझ्या बरण्या दुसऱ्या बाईच्या फळीवर, उंचीचा विचार न करता मांडलेल्या! मी पायांत चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या मासेवाल्याचे दुकान गाठले. म्हणजे शोभेच्या मासेवाल्याचे.

"बोला आजी. खाणं हवंय? पापुद्रे की गोळ्या? गोळ्या तरंगणाऱ्या की बुडणाऱ्या? की वाळवलेल्या अळ्या देऊ?"

"अळ्या नकोत!" माझा आवाज फाटला. "मला माहिती हवी आहे. बुडणाऱ्या गोळ्या जर... मोठ्या प्राण्याने खाल्ल्या, तर?"

"केवढा मोठा?"

"बासष्ट किलो."

दुकानदाराच्या हातातील जाळी खाली पडली. "बासष्ट किलोचा मासा? ठेवलाय कुठं?"

"आरामखुर्चीत."

त्याने जाळी उचलली. मग वेड्या माणसाशी बोलावे तशा मृदू आवाजात म्हणाला, "हं. किती खाल्ल्या त्यानं?"

"तीन दिवसांत सहा."

"तेवढ्यानं काही होत नाही. पण लक्ष ठेवा. पोट फुगतंय का, एका कुशीवर कलतोय का, तोंड उघडं टाकून वर बघतोय का. तसं दिसलं तर समजा, आटोपलं."

"आणि माशाने रक्तदाबाची गोळी घेतली तर?"

"कुणी दिली?"

"शेजारणीने."

"आजी, त्या शेजारणीला माशांजवळ फिरकू देऊ नका," तो गंभीरपणे म्हणाला. "पाणी बदला आणि देवाचं नाव घ्या."

मी घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. दार उघडले आणि उंबऱ्यातच खिळले. यजमान आरामखुर्चीत एका कुशीवर कलले होते. तोंड उघडे. चेहरा छताकडे. छातीवर वर्तमानपत्र.

एक्कावन्न वर्षांत मी त्यांना पुष्कळ बोलले आहे. ते सगळे त्या क्षणी मला एकदम ऐकू आले. मी वर्तमानपत्राकडे पाहत राहिले. ते हलेना. मग हलले. की वाऱ्याने हलले? मी खिडकी लावली आणि पुन्हा पाहिले. हलले, पण इतके थोडे, इतके थोडे! घर जाईल तर जाऊ दे, बरण्या जातील तर जाऊ देत, असे मनाशी म्हणून मी दवाखान्यात फोन लावला.

फोन कंपाउंडरने उचलला. वयाने माझ्याएवढा आणि कानाने माझ्याहून थोरला.

"डॉक्टर तपासताहेत. काय झालं?"

"यजमानांनी चुकून माशांच्या गोळ्या खाल्ल्या!"

"कशाच्या?"

"माशांच्या! माशांच्या!"

"माश्यांच्या?" त्याचा आवाज चढला. "माश्या मारायच्या? किती?"

"सहा!"

"सहा माश्या?"

"गोळ्या सहा! माश्या नव्हेत हो, मासे! पाण्यातले!"

"पाण्यातून घेतल्या? अरे देवा! बाई, त्यांना झोपू देऊ नका!"

फोन बंद झाला. "झोपू देऊ नका" एवढेच माझ्या डोक्यात राहिले. मी जवळचा पेला उचलला आणि यजमानांच्या तोंडावर रिकामा केला.

ते ताडकन उठले. "पाऊस आला काय?"

"बोला माझ्याशी! बोलत राहा!"

"काय बोलू?"

"काहीही! जमिनी मोजलेल्या सांगा!"

ते बिचारे ओल्या मिशांनी एका ओढ्याकाठच्या मोजणीची हकिकत सांगू लागले. ही हकिकत मी आयुष्यात प्रथमच मन लावून ऐकली. शेतकऱ्याने साखळीची कोणती कडी दाबून धरली होती, इथवर आलो आणि दार धाडकन उघडले. पुढे डॉक्टर पेटी घेऊन, मागे आमचा मुलगा एका पायात बूट घालून, त्याच्यामागे रंगाचे शिंतोडे उडालेल्या सूनबाई, आणि खाली रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा!

"बाबा!" मुलगा ओरडला. "माश्या मारायचं औषध का खाल्लंत? आई काही बोलली का?"

"ती रोजच बोलते," यजमान म्हणाले. "त्यासाठी औषध कशाला खायचं?"

डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, रक्तदाब मोजला. आणखी एकदा मोजला. "काका, अगदी व्यवस्थित आहे. घेतलंत तरी काय?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. मी ताठ उभी राहिले. "दोष माझा आहे. बरण्यांची—"

"मी माझं औषध घेतलं," यजमानांनी मला मध्येच तोडले. हे एक्कावन्न वर्षांत प्रथमच घडले! त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. प्रत्येक गोळीशेजारी बारीक अक्षरात वार लिहिलेला होता आणि बुधवारपर्यंतची घरे रिकामी होती. "हिची शिस्तच आहे. एक दिवस चुकू देत नाही. आज माशांच्या खाण्यावरून काहीतरी बोलत होती, तुमच्या कंपाउंडरला ऐकू आलं नसेल."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तो गेल्या आठवड्यात खोकल्याला बोकड म्हणाला होता," असे पुटपुटत ते रुग्णवाहिकेला परत पाठवायला खाली गेले.

मुलगा खुर्चीत कोसळला. मग टाकीकडे पाहून पुन्हा उठला. "हवालदार कुठाय?"

मी टाकीसमोर आडवी उभी राहिले.

"दगडाखाली," सूनबाई शांतपणे म्हणाल्या. "तो दिवसा कधी बाहेर येतो का? मी सांगत होते ना आई, त्या दिवशी." त्यांनी टाकीवर हातातला पंचा टाकून अंधार केला. मिनिटभराने कोपरा उचलला, तर हवालदार मिशा फेंदारून गस्त घालत होता!

मुलाने माझ्याकडे पाहिले, बरण्यांच्या रांगेकडे पाहिले. "ठीक आहे, आई," तो म्हणाला. "विषय संपला."

सगळे गेल्यावर मी यजमानांसमोर उभी राहिले. "ती पट्टी कुठून आली?"

"औषधवाल्याकडून. मीच आणतो वेगळी."

"कधीपासून?"

"त्या बसच्या प्रवासापासून." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "त्या दिवशी तू मला रक्तदाबाच्या ऐवजी पोट साफ करायच्या दोन गोळ्या दिल्या होत्यास. साडेसहा तासांचा प्रवास होता गं."

मी खाली बसले. दोन वर्षे मी त्या उपाहारगृहाची नालस्ती करीत होते!

"मग मी रोज हातावर ठेवते त्या?"

त्यांनी नजरेने कुंडी दाखवली. माझा गुलाब. दोन वर्षे रक्तदाबाच्या दोन गोळ्या रोज घेणारा, कशानेच न उमलणारा माझा गुलाब!

"आणि हे तीन दिवस?"

"सोमवारीच वास आला. मग तू वळलीस की टाकीतल्या गोळ्या चहाच्या गाळणीनं काढायचो आणि हातातल्या गोळ्या हवालदाराला टाकायचो. एखादी विरघळली असेल थोडी."

"मला सांगायचं नाही?"

"आज वासाचं सुचवलं, तर नाकाला वय झालं म्हणालीस. सरळ सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, माझ्या घरात एकही वस्तू चुकीच्या डब्यात जात नाही."

मी म्हणाले असते. एवढेच नव्हे, सिद्धही केले असते!

दहा दिवसांनी मासे सुखरूप परत गेले. चहाची गाळणी मी बदलली. आठ वाजता मी अजूनही "गोळ्या घ्या!" अशी हाक देते, यजमान तळहात पुढे करतात, पेला घेऊन खिडकीपाशी जातात आणि मी मुद्दाम पाठ फिरवते. रक्तदाबाच्या बरणीत मात्र आता मी माशांच्याच उरलेल्या गोळ्या भरल्या आहेत. गुलाबाला त्या मानवल्या. तीन कळ्या आल्या आहेत. आणि जी वस्तू आपण समजून-उमजून भरतो, ती चुकीच्या डब्यात गेली असे म्हणता येत नाही. निदान माझ्या घरात तरी!