बोअरला कान लावणारे पप्पा

माझे पप्पा बोअरच्या पाइपला कान लावून खाली हाक मारतात, "हायेस का?" आणि उत्तराची वाट पाहतात. भोवतीची माणसंही श्वास रोखून ऐकतात, ते जास्त भीतीदायक असतं.

जाफराबादकडे कुणाच्या बोअरमध्ये मोटर तुटून पडली, की पप्पांना फोन येतो. दोराला लोखंडी गळ बांधून तीनशे फूट खाली सोडायचा आणि तो मोटरीला लागला का, हे डोळे मिटून बोटांनी ओळखायचं. मोटर त्यांच्या लेखी बाईमाणूस. "रुसली," म्हणतात. "तोंड फिरवून बसली."

आठवीपासून दोराला माझाही हात असतो. "पोरीला कशाला आणलं, मामा?" असं प्रत्येक शेतात कुणीतरी विचारतंच. पप्पांचं उत्तर ठरलेलं. "ही दिवसभरात चार शब्द बोलती. बडबड्याच्या हाताला खालचं कळत न्हाई." शाळेत याच गुणाबद्दल माझ्या प्रगतिपुस्तकात लाल शेरा असायचा.

केदारखेड्याला मी पहिल्यांदा एकटीने दोर धरला. खालून कुणीतरी तो हळूच ओढला. थांबलं. पुन्हा ओढला. मी दोर सोडून पळाले. पप्पांनी तो झेलला आणि शांतपणे म्हणाले, "कुणी न्हाई. तुझीच नाडी हाये." मग जरा विचार करून, "बहुतेक."

परवा वडीगोद्रीला मात्र मी खरी घाबरले. मालकाची मोसंबी सुकायला लागली होती, सगळं गाव पप्पांच्या तोंडाकडे बघत होतं. माझ्या डोळ्यांसमोर दोर थरथरला. गळ लागला होता. पप्पा डोळे मिटून तसेच उभे. दोर पुन्हा हलला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही.

"मामाचं वय झालं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

मी त्यांचं मनगट हळूच दाबलं.

"बोलली," पप्पा लगेच म्हणाले. "घ्या वर."

मोटर निघाली. परतीच्या जीपमध्ये पाहिलं, तर दोराने त्यांचा तळहात कापला होता. रक्त शर्टाला लागत होतं आणि ते निवांत शेंगा सोलत होते. मी हाताला रुमाल बांधला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. शुगरनं बोटं मेली." टरफलं जीपबाहेर टाकत म्हणाले, "आईला सांगू नको. ती घरी बसवल. मंग तू कशाला येशील माझ्यासंगं?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनोळखी माणसांशी मी फोनवर बोलत नाही. तो मीच घेतला.

"कोण बोलू राह्यलं?" पलीकडचा आवाज.

"त्यांची मुलगी," मी म्हणाले. "बोअर कुठंय? आम्ही दोघं येतो."