गजभिये काकांची सहा वाक्यं

गजभिये काकांनी माझ्याकडे पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर मागितला तो गाऊन. दारात उभे, केस नीट बसवलेले, खिशाला दोन पेनं, आणि डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून म्हणतात, "मॅ-डम, स्क्रू-ड्राय-व्हर आ-हे काऽ?" एक सूर वर, एक खाली आणि दोन्ही चुकलेले. मी शनिवार पेठेत वाढलेली बाई, विक्षिप्त माणसं मला नवी नाहीत. तरी स्क्रू-ड्रायव्हर हातात ठेवला आणि दाराला कडी घातली.

पुण्याबाहेर मांजरी गावात फ्लॅट घेतला तो शांततेसाठी. बिल्डरनं बाल्कनीतून ऊस दाखवला होता, भिंतींबद्दल काही बोलला नव्हता. शेजारून सकाळ-संध्याकाळ हे दोन सूर यायला लागले तेव्हा मी तक्रार घेऊन गेले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, खिशातून टेप काढली आणि दाराच्या चौकटीत भिंतीची जाडी घेतली.

"मोजून सांगतो, मॅडम. चार इंची आहे. नऊची म्हणून सांगितली असेल तर तुम्हालाही फसवलं."

काका भंडाऱ्याकडचे. सगळी नोकरी मोजणी खात्यात, शेतांच्या हद्दी ठरवण्यात गेली. 'मोजून सांगतो' हे त्यांच्या प्रत्येक वाक्याचं तोंड. चहात साखर किती, लिफ्टला तिसऱ्या मजल्यावर यायला किती सेकंद, सगळं मोजलेलं.

त्या तक्रारीच्या दिवशी मी आत डोकावले आणि खुर्चीत बसलेल्या सुशीलाकाकू दिसल्या. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेलेली आणि वाचाही. कळत सगळं होतं, पण तोंडातून एकच शब्द निघे, "तेते." पाणी हवं असलं तरी तेते, राग आला तरी तेते. मला बघून त्या हसल्या आणि "तेते" म्हणाल्या. माझी तक्रार मी परत घरी घेऊन आले.

गाण्याची भानगड मग कळली. एका पौर्णिमेला नागपूरच्या लेकीनं फोनवर बुद्धवंदना लावली आणि काकू ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाल्या. एक शब्द गाळला नाही. वंदना संपली की पुन्हा तेते. हॉस्पिटलमधल्या वाचोपचाराच्या बाईंनी समजावलं की बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, गाणं बरंचसं दुसऱ्या. छोटी वाक्यं दोन सुरांवर बांधा, त्यांच्या डाव्या हातानं ठेका धरायला लावा, रोज सराव घ्या. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. काकांनी यातलं 'उपयोग होतो' तेवढंच ऐकलं.

अडचण एकच होती. सूर काकूंकडे होता, काकांकडे फक्त शिस्त. म्हणून ते सी विंगमधल्या हार्मोनियमच्या क्लासला जायला लागले, दुसरीतल्या मुलींच्या ओळीत मांडी घालून. एकीनं त्यांना सांगितलं, "आजोबा, तुमचा सा रोज वेगळा येतो." काकांनी वहीत नोंद केली, 'सा : हद्द निश्चित नाही.' सरावासाठी ते वॉचमनशी गाऊन बोलत, कुरियरवाल्याशी गाऊन बोलत. सोसायटीत त्यांच्या नकला व्हायच्या. मीही एकदोनदा केल्यात.

फ्रिजवर कागद लावला होता. अनुक्रमांक एक, पाणी पाहिजे. दोन, भूक लागली. तीन, संडासला जायचं. चार, पंखा लावा. पाच, टीव्ही बंद करा. सहा, पोरीला फोन लावा.

चार महिने भिंतीपलीकडून एकच आवाज आला, बेसूर. मग एका सकाळी दुसरा आला. "पाऽ-णी पाऽ-हि-जे." स्वच्छ आणि सुरात. मी कुकर लावत होते, तशीच ओट्याशी उभी राहून रडले. काका मात्र दुसऱ्या दिवशी अनुक्रमांक दोनकडे वळले. दिवाळीपर्यंत सहाच्या सहा झाली. काकू टीव्ही बंद करायला लावत तेव्हा तर मला फार बरं वाटे.

मे महिन्यातली दुपार होती. भिंतीपलीकडे काकू "पंखा लावा" म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. आणखी चार-पाच वेळा. मग काकांचा बेसूर आवाज त्यात मिसळला आणि सराव सुरू झाला. माझं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, काय कटकट आहे, आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

तासाभरानं बाहेर आले, तर जिन्यात स्ट्रेचर होतं. काकूंचं हृदय बंद पडलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून पाहुणे गेल्यावर मी डबा घेऊन गेले. काकांनी तो घेतला आणि उभ्या उभ्याच बोलायला लागले. या वेळी गाऊन नाही.

"पंखा लावा म्हणे. लावला. पुन्हा म्हणे. पाचवर केला. पुन्हा तेच. मी म्हटलं, सुशीला, पाचच्या पुढे आकडा नाही या पंख्याले. घामानं भिजून राहिली होती, मला वाटलं मे महिना आहे. मग तिचा सूर हलायला लागला. तिचा सूर कधी हलत नव्हता, मॅडम. मी म्हटलं, चुकून राहिली, सराव घेऊ. ती डावा हात छातीकडे नेऊन राहिली होती आणि मी तो धरून पुन्हा मांडीवर ठेवला. ठेक्यासाठी. चार वेळा."

काका फ्रिजवरच्या कागदाकडे वळले.

"सहा वाक्यं शिकवली मी तिला. दुखते, हे शिकवलंच नाही. माझ्या यादीतच नव्हतं."

मी बंद केलेल्या दाराबद्दल त्यांना सांगायला हवं होतं. अजून सांगितलेलं नाही.

आता काका दर मंगळवारी त्याच हॉस्पिटलात जातात. कुणी बोलावलेलं नाही, कुणी हाकलतही नाही. परवा मी त्यांना गाडीतून सोडलं आणि आतपर्यंत गेले. बाकावर एक तरुण बाई बसली होती, शेजारी व्हीलचेअरमध्ये तिचा नवरा, वाचा गेलेला. त्याचा डावा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

काका तिच्या शेजारी बसले. "ताई, पाणी-बिणी नंतर. त्यांना पहिल्यांदा हे शिकवा," म्हणाले आणि मान हलवत गायले, "दु-ख-तेऽ, इ-थंऽ." सूर चुकलेलाच होता. चाल त्यांची स्वतःची.

नवरा त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्यानं हात हलवला. बाईनं तो अजूनच घट्ट धरला.

"हात सोडा, ताई," काका म्हणाले. "तो कुठे जाते, ते बघा."

तिनं हात सोडला आणि काका वाकून त्या हाताकडे बघत बसले.