किचनबंदी

"सहा आठवडे किचनमध्ये पाऊल टाकायचं नाही," ऑर्विल टँक्विस्टचा डावा पाय हळूच खाली ठेवत मिडोरी म्हणाली. "फिरा, खेळा, काय हवं ते करा. पण किचन बंद. या वेळी पाय परत धरला, तर पिकलबॉल कायमचा विसरा."

मिडोरी ही बेटावरची एकुलती एक फिजिओ, आणि स्वतः पिकलबॉलची, म्हणजे पॅडलने खेळायच्या त्या छोट्या टेनिसची, वेडी. त्यामुळे तिच्या तोंडी किचन म्हणजे कोर्टावरचं किचन, जाळीला लागून असलेला सात फुटांचा पट्टा. तिथे अलगद टाकलेला चेंडू उचलायला धावत जाऊन वाकावं लागतं, आणि ऑर्विलचा पाय नेमका तिथेच दगा द्यायचा. कोपऱ्यात विणत बसलेल्या लेनोरने, त्याच्या बायकोने, जन्मात पॅडल हातात धरलं नव्हतं. तिने फक्त मान डोलावली.

फेरीबोटीवर एकतीस वर्षं दोर ओढून ऑर्विल निवृत्त झाला, तेव्हा त्याला हा खेळ सापडला आणि पाठोपाठ हे दुखणंही. तीन वर्षं झाली, कमरेपासून टाचेपर्यंत कळ यायची. झोप उडाली होती. डोळा लागलाच, तर धुक्यातलं कोर्ट दिसायचं आणि आपण जमिनीला पाय न लावता चेंडूमागे तरंगत चाललोय असं वाटायचं. याआधी दोन डॉक्टरांनी हेच पथ्य सांगितलं होतं. दोन्ही वेळा गडी तिसऱ्या दिवशी "आता बरं वाटतंय" म्हणत जाळीकडे धावला आणि महिनाभर अंथरुणाला खिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे भांडी घासायला निघाला, तर लेनोर दारात आडवी.

"खबरदार! मिडोरी काय म्हणाली?"

"काय म्हणाली?"

"किचन बंद! इतक्यात विसरलास?"

ऑर्विलने खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात लेनोरच्या खांद्यावरून त्याला सिंक दिसलं. रात्रीच्या सॅमन माशाचा ट्रे तिथे पडला होता, कातडं तळाला चिकटून बसलेलं.

"हो की," तो म्हणाला. "विसरलोच होतो बघ."

मग सुखाचे दिवस आले. तो खिडकीपाशी बसायचा. खाडीवरून धुकं वर चढायचं, त्यात कुठेतरी फेरीबोटीचा भोंगा वाजायचा, आणि कॉफी आपोआप हातात यायची. आयतं खाण्यात एक गुंगी असते. त्या गुंगीत त्याला समोरची झाडं दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची, आणि पाय आपला नसल्यासारखा हलका वाटायचा.

पण बेटावर गोष्ट झाकून राहत नाही. लेनोरने वाचनालयात सांगितलं, तिथल्या बायकांनी घरी सांगितलं, आणि ते नवऱ्यांनी ऐकलं. सगळ्यात आधी ऑर्विलचा खेळातला जोडीदार क्लाइड लंगडायला लागला.

"तुला काय झालं रे?" ऑर्विलने विचारलं.

"गुडघा. परवापासून. विशेषतः जेवणानंतर."

पंधरा दिवसांत पाच नवरे लंगडत मिडोरीच्या दारात उभे. एकाचा तर खांदा दुखत होता, तरी त्यालाही किचनबंदीच हवी होती. मिडोरीला वाटलं, बेटावर साथच आली आहे.

ऑर्विलला मात्र मन खाऊ लागलं. घरात किचनच्या नावाने फुकटचं खातोय, निदान कोर्टावरचं तरी प्रामाणिकपणे पाळू, असं म्हणून तो कोर्टाच्या मागच्या रेषेवर खिळून उभा राहायचा. क्लाइड "अरे, पुढे ये की!" म्हणून घसा फोडायचा, पण हा ढिम्म. चेंडू धुक्यातून सावकाश बाहेर यायचा, जणू त्यालाही कसली घाई नव्हती. आला तर मारायचा, नाही तर जाऊ द्यायचा.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी तो जिना उतरून खाली आला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कठडा धरलाच नव्हता. तो तिथेच उभा राहिला. डोळे भरून आले. धावत जाऊन लेनोरला सांगावंसं वाटलं. पण ती किचनमध्ये होती.

सहाव्या आठवड्याच्या शनिवारी लेनोर शाल पांघरून पहिल्यांदाच खेळ बघायला आली. आता कोणी 'किचन' म्हणू नये, अशी ऑर्विलने मनातल्या मनात प्रार्थना केली. पहिल्याच डावात क्लाइड ओरडला, "ऑर्व्ही, किचन! किचनमध्ये टाकलाय त्याने! जा आत!"

ऑर्विल जागच्या जागी थिजला. चेंडूचे दोन टप्पे पडले. तो पॅडल खाली ठेवून बाकापाशी गेला.

"लेनोर, तुला एक सांगायचंय. ते किचन..."

"हे इथलं. माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. तू गाडीत बसलास, तेव्हा मी परत आत जाऊन मिडोरीला विचारलं, पायाचा आणि स्वयंपाकाचा काय संबंध बाई?"

"आणि तरी सहा आठवडे एकटी राबलीस?"

"मग काय करू? खरं सांगून दोन डॉक्टर दमले, तीन दिवसांच्या वर टिकला नाहीस. पण मनात चोर असला की तू किती शहाण्यासारखा वागतोस, ते मी चाळीस वर्षं बघतेय." तिने त्याच्या कॉलरवरचा धागा काढला. "म्हटलं, करू दे चोरी. पाय तर राहील."

मागून क्लाइडचा बारीक आवाज आला, "म्हणजे माझ्या बायकोलाही...?"

"सगळ्यांना. तुझा गुडघा बरा झाला की मला सांग, म्हणाली तुझी बायको. तिने कामांची यादी करून ठेवलीये."

ऑर्विल पॅडल उचलून परत जागेवर आला, आणि क्लाइडने मुकाट्याने सर्व्हिस केली. चार फटके इकडून तिकडे झाले, आणि पलीकडून चेंडू पुन्हा अलगद किचनमध्ये आला. या वेळी ऑर्विल धावला. आत गेला, डावा पाय पुढे टाकून खाली वाकला, आणि कळ येण्याची वाट बघत राहिला.

ती आलीच नाही. तो तसाच वाकलेला, धुक्यात बाकाकडे बघत राहिला.

"अरे, चेंडू गेला की!" लेनोर ओरडली.

"गेला का?" ऑर्विल म्हणाला. "जाऊ दे."