मास्तर नव्हे, मास्टर

सन १९३६, अक्षय्यतृतीयेच्या आधीचा आठवडा. उंद्रीतल्या विहिरींनी तळ गाठला होता. अशा उन्हात पंजाबरावांनी गावाला पेढे वाटायचे ठरवले. त्यांनी एवढेच ठरवले. पुढचे सगळे त्या पेढ्यांनी केले.

झाले असे, की सरकीचा दलाल निवृत्ती अमरावतीहून आला आणि ओट्यावर पाणी पिता पिता म्हणाला, "तुमच्या उत्तमचं लय नाव हाय तिकडं. सारे त्याले मास्टरच म्हंतात."

मुलगा उत्तम तिकडे कॉलेजात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पंजाबराव स्वतः दुसरी शिकलेले (तीही अर्धी). त्यांनी शाळेत जाऊन गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "मास्टर ही पदवी बी.ए.च्या वरची." बस्स, झाले.

शेजारच्या तुळशीरामने पेढा घेतला. "मास्तर झाला? कोन्या शाळेवर?"

"मास्तर नाही बे, मास्टर! ट! बीएच्या वरचं असते थे."

"असं का? मंग हा पेढा मायावर उधार. फेडीन."

अक्षय्यतृतीयेला गावात भगवानरावांच्या मुलीचे लग्न होते. पंजाबरावांनी मांडवात लोडाजवळची जागा मास्टरसाठी रुमाल टाकून धरली. खामगावहून वऱ्हाड आले. पुढे अमरावतीहून बोलावलेला बँड, लाल कोट, पितळी बटणे. "मास्टर, होऊ द्या!" कोणीतरी ओरडले, आणि क्लॅरिनेट तोंडाला लावून पुढे आला तो उत्तम.

पंजाबरावांच्या अंगाची लाहीलाही झाली. "काऊन बे? याच्यासाठी धाडलं तुले कॉलेजात?"

"आबा, लगन लागलं का मी अमरावतीले निघतो. सोमवारी विद्यापीठाचा पेपर हाय."

"पेपर हाय अन् तू पिपाणी फुंकून राह्यला!"

"पिपाणी नाही आबा, क्लॅरिनेट."

पंजाबरावांनी ते हिसकावून घेतले. बँड थांबला. नवरदेवाचा घोडाही थांबला. भगवानराव धावत आले. "पंजाबराव, मुहूर्त टळून राह्यला! राग उद्या काढा, आज माया पोरीचं लगन लागू द्या."

तेवढ्यात उत्तमची आई सत्यभामाबाई पंजाबरावांच्या कानाशी म्हणाल्या, "मले तं दिवाळीतच समजलं होतं. चुलीच्या फुंकणीवर बोटं नाचवत होता."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही इचारलं काय?"

शेवटी पंजाबरावांनीच तोड काढली. वाजव, पण अभ्यास बुडता कामा नये. उत्तमच्या पिशवीतले इतिहासाचे पुस्तक उघडून त्यांनी त्याच्या डोळ्यांपुढे धरले आणि मांडवापर्यंत पाठमोरे चालत गेले. वऱ्हाड्यांना वाटले, हाही बँडचाच माणूस.

"ओ बुढेबाबा, पुस्तक खाली घ्या, नवरदेव दिसत नाही!"

श्वास घ्यायला तोंड मोकळे केले तेव्हा उत्तम हळूच म्हणाला, "आबा, उलटं धरलं."

जूनमध्ये निकाल लागला. उत्तम पास झाला. पंजाबराव फेटा बांधून तडक तुळशीरामच्या अंगणात गेले.

"उत्तम बीए झाला!"

तुळशीरामने डोके खाजवले. "चैत-वैशाखात मास्टर होता, अन् आता बीए? खाली उतरला म्हना की पोरगा."

मग तो आत गेला, देवापुढचा ताजा पेढा आणला आणि पंजाबरावांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. तुमचा उधारीचा."

पंजाबरावांनी पेढा खाल्ला. उधारी फिटली.