मॅरेनचे दोन केक

केकवर साखरेने काढलेल्या स्टेथोस्कोपची एक नळी दुसरीपेक्षा जरा लांब होती. खाली लिहिले होते, ‘अभिनंदन, डॉक्टर मॅरेन’. शेजारच्या केकवर नळ्या सारख्या होत्या आणि मजकूर होता, ‘अभिनंदन, नर्स प्रॅक्टिशनर मॅरेन’.

मॅरेनला डॉक्टरकीच्या आणि नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे स्वतः तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सच्या, अशा दोन्ही अभ्यासक्रमांत प्रवेश मिळाला होता. उद्या, सोमवारी, एकाला हो कळवायचे होते आणि अजून काहीच ठरले नव्हते. पण अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या त्या गावात थेट विचारणे असभ्य समजले जाई. त्यामुळे आई आर्लीनने चर्चच्या गायनातल्या बायकांना ‘डॉक्टर’ सांगून टाकले, आणि वडील व्हर्लिन यांनी मासेमारीच्या मित्रांना ‘नर्स प्रॅक्टिशनर’. दोन्ही गटांनी एकेक केक आणला. कुणाचे मन दुखवायला नको म्हणून चर्चच्या तळघरात जमलेल्या प्रत्येकाने दोन्हींचा एकेक तुकडा खाल्ला. मधुमेहवाल्यांनीसुद्धा.

मग तब्येतीच्या गोष्टी निघणारच.

“तुला त्रास नाही द्यायचा पोरी,” म्हातारे हार्लन पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळत म्हणाले, “पण एवढं बघतेस का?”

मॅरेनने ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या बटाट्याच्या हॉटडिशची ताटली बाजूला ठेवली. रुग्णालयात नर्स म्हणून काढलेल्या सात वर्षांत गरम जेवणाची सवय तशीही राहिली नव्हती. गुडघा होईपर्यंत मागे रांग लागली. कुणाच्या पाठीवर तीळ, कुणाच्या पर्समध्ये गोळ्यांच्या बाटल्या, आणि प्रत्येकाला तिला त्रास द्यायचा नव्हता.

“डॉक्टर झाल्याशिवाय मान नाही गं,” आर्लीन कानाशी येऊन म्हणाली. “आमचे डॉक्टर लुंडीन बघ. हाताला काय गुण आहे त्यांच्या.”

“त्यांनी हात लावलाय कधी तुला?”

“तशी वेळ नाही आली. दवाखान्यात शिरल्या शिरल्या फोटो आहे ना त्यांचा.”

“मग तपासतं कोण?”

“ती जॅनेल. नर्स प्रॅक्टिशनर. माझं थायरॉइडही तिनंच शोधलं.”

“ऐकलंस?” व्हर्लिन तोंडातला केक सांभाळत म्हणाले. “मी आधीपासून हेच म्हणत होतो.”

“बाबा, तुम्ही मला काहीच म्हणाला नाहीत. मित्रांना म्हणालात.”

“जॅनेल फार चांगली,” रांगेतून कुणीतरी म्हणाले. “परवा दुकानात भाजी घेत होती, तिथंच तिला कान दाखवला.”

“मी चर्चमध्ये नेहमी तिच्या मागच्याच बाकावर बसते,” तीळवाल्या बाई म्हणाल्या. “बरं पडतं.”

“आणि डॉक्टर लुंडीन?” मॅरेनने विचारले.

हार्लन दचकले. “छे. डॉक्टरला कोण असा गुडघा दाखवतं? मोठी माणसं ती. आपण त्रास देऊ नये.”

मॅरेनने रांगेकडे पाहिले. शेवटच्या माणसाने वेळ वाचावा म्हणून मोजा आधीच काढून ठेवला होता.

“ठरलं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “मी डॉक्टर होणार.”